सदूच्या खिशातल्या गोळ्या

डॉक्टरांनी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि पेनाच्या टोकाने एक पांढरा डाग दाखवला. “इंट्रासेरेब्रल हॅमरेज,” ते म्हणाले. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी तेच परत साध्या भाषेत सांगितलं. मेंदूच्या आतली एक बारीक रक्तवाहिनी फुटली होती आणि रक्त आतच साठलं होतं. डाव्या बाजूला फुटली म्हणून उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं होतं.

पेशंट म्हणजे माझा धाकटा भाऊ सदू. वय एकोणचाळीस. मालवणहून मासळीची गाडी घेऊन फोंडाघाट चढून कोल्हापूरला जायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी गाडी घेऊन परतायचा. त्या दिवशी घाट उतरून खाली बाजारात चहाला थांबला आणि कप तोंडाला लावता लावता बाकावरून कलंडला. मागच्या गाडीत त्याचा जोडीदार गुंडू होता म्हणून तो कणकवलीपर्यंत तरी वेळेत पोचला. तिथून ॲम्ब्युलन्सने गोव्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात. मला शाळेच्या फोनवर निरोप आला तेव्हा मी तिसरीच्या पोरांकडून पाढे म्हणवून घेत होते. हातात खडू तसाच घेऊन मी घरी पळाले, सदूच्या बायकोला, नलूला, बरोबर घेतलं आणि मिळेल त्या गाडीने गोवा गाठला.

“या वयात असं सहसा होत नाही,” डॉक्टर म्हणाले. “प्रेशर दोनशेवीसच्या वर होतं. आधीपासून ब्लडप्रेशर? दारू? कसल्या गोळ्या घेत होता?”

मी मान ताठ करून सांगितलं, की माझा भाऊ विडीसुद्धा ओढत नाही. तीस वर्षं शाळेत शिकवत आलेली मास्तरीण मी. पोराच्या डोळ्यांत बघून तो खोटं बोलतोय की खरं, हे मला कळतं, असा माझा समज. शिवाय आईबापांच्या मागे सदूला मीच वाढवलेला. त्याचं काही माझ्यापासून लपलेलं असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

दाराशी उभा असलेला गुंडू खाली बघत होता. साडेपाच फुटांचा, मिशा पिकलेला माणूस. शाळेत धडा न आलेल्या पोरासारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. शेवटी तो पुढे आला आणि त्याने खिशातून प्लॅस्टिकची एक छोटी पिशवी काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. आत गुलाबी रंगाच्या सुट्या गोळ्या होत्या. वर नाव नाही, गाव नाही.

“बाई, वरडू नको,” तो मला म्हणाला. “ह्यो सदूच्यो. आमी सगळेच घेतो.”

डॉक्टरांनी एक गोळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. नक्की काय ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण गाडीवाल्यांकडे असतं ते बहुतेक एफिड्रिन आणि कॅफिन, असं ते म्हणाले. एफिड्रिन हे दम्याच्या आणि सर्दीच्या औषधांत वापरतात. त्याने झोप उडते, हृदय धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि प्रेशर चढतं. अशा औषधांना स्टिम्युलंट म्हणतात, म्हणजे उत्तेजक.

“पराणी टोचली की बैल पळतो ना?” ते म्हणाले. “पण पराणीने त्याच्या अंगात बळ येत नाही. असलेलं संपतं.”

जादा घेतलं की काय होतं तेही त्यांनी सांगितलं. हातपाय थरथरतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापतं, माणूस एका जागी बसत नाही, कधी झटके येतात. मी ऐकत होते. हे सगळं मी आमच्या अंगणात बघितलं होतं. तीन महिन्यांपूर्वी, एका सोमवारी, आमच्या कुत्र्याच्या बाबतीत.

“डॉक्टर, हे कुत्र्याने खाल्लं तर?” मी विचारलं. त्यांना वाटलं असावं, बाईंचं डोकं फिरलं. तरी त्यांनी उत्तर दिलं. कुत्र्याला तर अर्धी गोळीही जड, म्हणाले.

आता त्या सोमवारचं सांगते.

आमच्या घरात सोमवारी मासळी शिजत नाही. शिजत नाही म्हणजे मासळीचा वासही उंबऱ्याच्या आत येत नाही. सदू सकाळी घाटावरून आला की त्याच्या शर्टाला बर्फाचं खारं पाणी आणि बांगड्याचा वास मुरलेला असायचा. इतर दिवशी नलू तो शर्ट सरळ न्हाणीत टाकायची. सोमवारी मात्र सदूने तो बाहेरच काढायचा आणि गडग्यावर, म्हणजे अंगणाच्या चिऱ्याच्या भिंतीवर, टाकून आत यायचं, हा माझ्या आईच्या वेळचा नियम. तो मी मोडू दिला नव्हता.

आमचा बॉबी तांबूस रंगाचा, गावठी, मध्यम अंगाचा. मासळीच्या डोक्यांवर वाढलेला. सोमवारी त्यालाही उपास. डाळभात त्याच्यासमोर ठेवला की तो माझ्याकडे असा बघायचा, जणू सोमवार मीच काढलाय. त्या दिवशी त्याने गडग्यावरून शर्ट ओढला आणि बांगड्याच्या वासाचा खिसा चावून चावून फाडला. हे मला आज माहीत आहे. तेव्हा आम्हाला फक्त खाली पडलेला शर्ट दिसला. नलूने शिव्या देत उचलला आणि धुवायला टाकला.

तासाभराने बॉबी विहिरीभोवती फिरायला लागला. थांबेच ना. जीभ बाहेर, तोंडाला फेस, डोळे काळेभोर आणि अंग शहारे आल्यासारखं थरथरणारं. नलूने त्याला जवळ घेऊन तोंडावर पाणी मारलं, तिच्या हाताला सगळी लाळ लागली. मी मान धरायला गेले तर मलाही लागली. आवाजाने सदू झोपेतून उठून बाहेर आला. बॉबी त्याचा जीव की प्राण. त्याने हाक मारून हात पुढे केला आणि बॉबीने त्याच्या मनगटाला दात लावले.

शेजारी जमले. कोणी म्हणालं साप चावला, कोणी म्हणालं करणी. मी मात्र शाळेत पिसाळलेल्या कुत्र्याचा तक्ता भिंतीवर लावलेला. लाळ, चावरेपणा, वेडंवाकडं धावणं. एकेक लक्षण बोटावर मोजून मी निकाल दिला, की हा पिसाळला आहे, पोरांना घेऊन आत जा. गावात बाईंचा शब्द म्हणजे शब्द. दोघा जणांनी बांबू आणले.

सदू तेव्हा गडग्याजवळ उभा होता. दोरीवर वाळत घातलेल्या शर्टाकडे आणि त्याच्या फाटक्या खिशाकडे त्याने एकदा बघितलं, हे मला आता आठवतं. तो काहीतरी बोलायला गेला. “बाय, थांब जरा,” एवढंच म्हणाला. मी म्हटलं, “थांबून काय? पोरांका चावल्यावर थांबतलंय?” मग तो पाठ फिरवून घरात गेला. बॉबीला मारलं तेव्हा तो आतच होता.

त्यानंतर इंजेक्शनं. तेव्हा सरकारी दवाखान्यात बेंबीभोवती पोटात टोचायची पद्धत होती, रोज एक, चौदा दिवस. मी, नलू आणि सदू तिघांनी घेतली. पोट दगडासारखं घट्ट व्हायचं, साडीच्या निऱ्याही खुपायच्या. सदू रात्रभर गाडी हाकून यायचा आणि आंघोळ न करता आमच्याबरोबर रांगेत उभा राहायचा. चौदाही दिवस. एकदाही तो म्हणाला नाही, की बाय, ह्याची गरज नाय.

कोणी याचा उलटा अर्थ काढू नये. कुत्रा चावला, लाळ लागली, तर इंजेक्शनं घ्यायचीच. त्यात आमची चूक झाली नाही. चूक त्याच्या आधी झाली. पुढे आमच्या तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, चावलेल्या कुत्र्याला मारायचं नसतं, बांधून दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. आणि बाई, त्याने काही खाल्लंय का हे आधी बघायचं, फाटलेलं पाकीट, सांडलेली गोळी, काहीही. ताबडतोब आणलं असतं तर झटक्यांचं औषध देऊन, अंधाऱ्या गार खोलीत ठेवून कदाचित वाचला असता. कदाचित, असं ते दोनदा म्हणाले. माझी समजूत काढायला असेल.

अजून एक गोष्ट सांगायची आहे आणि ती लिहिताना मला लाज वाटते. ही गोळी मीही खाल्ली होती.

त्याच वर्षी मतदार याद्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. त्यात सर्दीने डोकं जड. सदूने खिशातून एक गुलाबी गोळी काढून दिली, सर्दीची आहे म्हणाला. ते अगदी खोटंही नव्हतं. मी ती घेतली आणि दुपारी चारपासून सात वाजेपर्यंत तीन वाड्यांच्या याद्या पुऱ्या केल्या. मग माळा झाडला. मग भांडी घासायला काढली, घासलेलीच परत घासली. छातीत धडधडत होतं, मला वाटलं हुरूप आला. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणाले, “तुझी गोळी बरी आसा रे, डाक्तरापेक्षा.” तो हसला. त्या हसण्यात मला काही दिसलं नाही. आता वाटतं, मीच त्याला पसंतीचा शिक्का मारून दिला.

हॉस्पिटलातले दिवस एकसारखेच होते. पहिले चार दिवस आयसीयूच्या बाहेर बाकावर. सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला एकेकाने आत जायचं. मॅनिटॉल नावाचं सलाइन चालू होतं, ते मेंदूची सूज कमी करतं. नाकातून नळी, तिला राइल्स ट्यूब म्हणतात, त्यातून पातळ पेज. ऑपरेशन करावं लागेल का, हे डॉक्टर रोज “उद्या बघू” म्हणायचे. त्या “उद्या”वर आम्ही दोघी दिवस काढायचो. नलू बोलत नसे. मी मात्र बोलत सुटायचे. शेजारच्या बाकावरच्या बायकांना, वॉर्डबॉयला, देवाला. सगळ्यांना जाब विचारायचे. कोणी विकल्या ह्या गोळ्या? गाडीच्या मालकाला माहीत नव्हतं? दुकानदाराला लाज नाही? सगळे “खरंच हो बाई” म्हणायचे आणि आपल्या पेशंटकडे वळायचे. तिथे प्रत्येकालाच आपलं पुरे झालेलं असतं.

पाचव्या दिवशी सदूने डोळे उघडून नलूला ओळखलं. तिने त्याचा डावा हात गालाला लावला, आणि तिच्या तोंडून इतक्या दिवसांत पहिल्यांदा आवाज आला. रडण्याचा. ऑपरेशन टळलं. डॉक्टरांचे आभार मी तेव्हाही मानले आणि आजही मानते, माणूस जिवंत घरी आला तो त्यांच्यामुळे.

पण बोलणं आलं नाही. त्याला अफेजिया म्हणतात. माणसाला समोरच्याचं सगळं कळतं, मनात काय बोलायचं तेही असतं, पण शब्द तोंडापर्यंत येत नाही. “हळूहळू येईलही,” असं डॉक्टर म्हणाले, “सांगता येत नाही.” मी पोरांना अक्षरं शिकवून म्हातारी झाले, म्हणून घरी आल्यावर पाटी घेऊन बसले. क, का, कि. डाव्या हातात पेन्सिल दिली. दोन महिने मी घोकून घेतलं. तो ओठ हलवायचा, घाम यायचा, आणि घशातून “आं” एवढंच निघायचं. एके दिवशी त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्या हातावर थोपटलं. मला समजावल्यासारखं. मी पाटी माळ्यावर टाकली. तीस वर्षांत इतकं हरल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मी त्याला विचारलं. नलू पाण्याला गेली होती. बॉबीने गोळ्या खाल्ल्या होत्या, ते तुला तेव्हाच कळलं होतं ना? त्याने मान हलवली. हो. मग सांगितलं का नाहीस? तो माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांतून पाणी आलं, पण नजर हलवली नाही.

त्या नजरेचा अर्थ मला लागायला वेळ लागला नाही. मी कशी आहे, हे मला माहीत आहे. लहानपणी त्याने एकदा बोरं चोरली, तर मी त्याला त्या बाईच्या दारात उभं करून माफी मागायला लावली होती. मोठा झाला, लग्न झालं, तरी माझ्यापुढे तो तोच. गोळ्या घेतो म्हटलं असतं तर मी सगळा गाव गोळा केला असता, गाडी सोडायला लावली असती, आणि गाडी सोडून काय करायचं हे मात्र मी सांगितलं नसतं. म्हणून त्याने कुत्रा मरू दिला. पोटात चौदा सुया घेतल्या. आणि पुन्हा रात्री गोळी घेऊन घाट चढला.

यानंतर मी जे केलं ते उंटावरून शेळ्या हाकण्याचंच. जेटीवर गाड्या भरतात तिथे जाऊन चालकांपुढे उभी राहिले. सदूचं सांगितलं. फिल्मवरचा पांढरा डाग सांगितला. माणसं चांगली, अदबीने ऐकलं, एकाने बसायला खोकं दिलं. माझं बोलणं संपल्यावर ताडपत्र्या आवळल्या आणि गाड्या निघाल्या. मासळी बर्फात होती, कोल्हापूरचा बाजार पहाटेचा. मी रस्त्याच्या कडेला पदर धरून उभी राहिले आणि एकामागून एक दिवे वळणावर दिसेनासे होताना बघत राहिले.

गुंडू दर रविवारी सदूकडे येतो. त्याची दाढी करतो, नखं काढतो, बाजारातल्या गजाली सांगतो, कोणाची गाडी बंद पडली, कुठे सुरमई उतरली. सदू ऐकतो आणि ओठांच्या डाव्या कडेने हसतो.

एका रविवारी गुंडू साबण फेसाळत असताना मी त्याला विचारलं, तू अजून घेतोस का? आवाज चढवला नाही. खूप प्रयत्न करून चढवला नाही.

“घेतंय, बाई,” तो म्हणाला. “नाय घेतलंय तर घाटाच्या वळणार डोळो लागतलो. खाली दरी आसा. घेतलंय तर असा, नाय तर तसा. तूच सांग माका, काय करू?”

आयुष्यभर लोकांना काय करायचं ते सांगत आले, आणि विचारणारा समोर बसलेला असताना माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेत प्रेशर मोजायला येणाऱ्या नर्सकडून मी ते मशीन चालवायला शिकून घेतलं होतं आणि सदूसाठी एक घरी घेऊन ठेवलं होतं, तेवढं आणलं आणि त्याच्या दंडाला पट्टा बांधला. वरचं एकशेऐंशी होतं. मी त्याला आकडा सांगितला. आज तरी न जाता झोप म्हणाले, दवाखान्यात मी स्वतः घेऊन जाते म्हणाले. तो “बघूया” म्हणाला. ते “बघूया” कसलं असतं, हे आता मला कळतं.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, ज्यांच्या घरात कोणी रात्री जागून काम करतं, आणि ज्यांच्या अंगणात एखादं मुकं जनावर आहे. गोळी सर्दीची असो, दम्याची असो, वजन कमी करायची असो, ती खिशात सुटी ठेवू नका. जनावराला आपल्या हाताने आपलं औषध तर कधीच देऊ नका. हे सगळं डॉक्टर सांगतीलच. मी सांगते ते एवढंच, की तुमच्या माणसाला तुमच्याशी खरं बोलायची भीती वाटत असेल, तर ती आधी काढा. मला ते जमलं तेव्हा उशीर झाला होता.

त्या रविवारी गुंडूने दाढी पुरी केली, टॉवेलने सदूचे गाल पुसले आणि उठता उठता, मी न विचारता म्हणाला, “आज दोनच घेतलंय, बाई.”

मी बरं म्हटलं.

सदू आम्हा दोघांकडे बघत होता. गाडीवाल्याचं “दोनच” म्हणजे किती, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? त्याने डावा हात मांडीवरून उचलला, अंगठा आत दुमडला आणि चार बोटं माझ्यासमोर धरली. बराच वेळ तशीच धरून ठेवली, मला मोजता यावीत म्हणून.